मुकेश चौधरी (क्रिकेट खेळाडू)

मुकेश चौधरी (जन्म: ६ जुलै, १९९६) हा महाराष्ट्राकडून खेळणारा डावखुरा मध्यमगती गोलंदाज आहे. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात जन्मलेला मुकेश शिक्षणासाठी पुण्यात आला आणि येथेच त्याचे क्रिकेट घडले. २०१७-१८ च्या हंगामात त्याने महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत पदार्पण केले.

आयपीएल २०२२

फेब्रुवारी २०२२ मधील लिलावात चेन्नई सुपर किंग्सने दीपक चाहरला १४ कोटी रुपयांना, तर मुकेशला २० लाख रुपये या पायाभूत किमतीला घेतले. मांडीच्या व त्यानंतर पाठीच्या दुखापतीमुळे चाहर त्या हंगामात एकही सामना खेळू शकला नाही आणि नव्या चेंडूची जबाबदारी मुकेशकडे आली. ३१ मार्च रोजी, दुसऱ्याच सामन्यात, त्याला ॲडम मिल्नच्या जागी संघात घेण्यात आले.

२१ एप्रिल रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध पहिल्याच षटकात त्याने रोहित शर्मा व इशान किशन यांना शून्यावर बाद केले. १९ धावांत ३ बळी घेणारा मुकेश सामनावीर ठरला. १ मे रोजी पिंपरी-चिंचवडलगतच्या गहुंजे येथील मैदानावर त्याने सनरायझर्स हैदराबादचे ४ बळी टिपले. मात्र त्यासाठी ४६ धावा मोजल्या. चेंडू आत वळवण्याची हातोटी आणि धावा रोखण्यातील कच्चेपणा या दोन्ही बाजू त्या एका सामन्यात दिसतात. हंगामाअखेर १३ सामन्यांत १६ बळी त्याच्या नावावर होते. त्याच वर्षी एमआरएफ पेस फाउंडेशनच्या देवाणघेवाण कार्यक्रमाद्वारे तो ब्रिस्बेन येथे सरावासाठी गेला.

दुखापत

कंबरेच्या मणक्यातील ताणजन्य अस्थिभंगामुळे (स्ट्रेस फ्रॅक्चर) मुकेश आयपीएल २०२३ ला मुकला. त्याच्या जागी आकाश सिंगला घेण्यात आले.

हा अस्थिभंग एका आघाताने होत नाही. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वर येतो. त्याच क्षणी पाठ मागे झुकलेली, एका बाजूला कललेली व पिळवटलेली असते. मणक्याच्या मागील कमानीतील अरुंद हाडावर हा ताण हजारो वेळा पडतो आणि झीज भरून येण्यापूर्वीच पुढचा सराव सुरू झाल्यास तेथे बारीक चीर जाते. सामान्यतः ही चीर गोलंदाजी करणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस आढळते. बेसबॉलमधील पिचरला जसा कोपराचा अस्थिबंध दगा देतो, तसा वेगवान गोलंदाजाला हा मणका. बहुतेकदा काही महिन्यांची विश्रांती हाच मुख्य उपचार असतो. मात्र हाड सांधले तरी लय लगेच परत येत नाही, आणि शैलीत केलेला बदल कधीकधी चेंडूची धारच बोथट करतो. जसप्रीत बुमराहलाही पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ च्या टी-२० विश्वचषकाला मुकावे लागले व मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली.

पुनरागमन

मुकेशच्या गैरहजेरीत, २०२३ मध्ये तुषार देशपांडेने २१ बळी घेत संघातील जागा पक्की केली. ५ एप्रिल २०२४ रोजी मुकेशला सनरायझर्सविरुद्ध पुन्हा संधी मिळाली. तीही मुस्तफिजुर रहमान व्हिसाच्या कामासाठी मायदेशी गेल्यामुळे. अभिषेक शर्माच्या फटकेबाजीमुळे त्याच्या एकमेव षटकात २७ धावा गेल्या. त्या हंगामात त्याला दुसरा सामना मिळाला नाही. पुढील लिलावात चेन्नईने त्याला ३० लाख रुपयांना पुन्हा घेतले.