एकसष्टच्या आधीचा कागद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गोपाळ, वैदू, कैकाडी असे कितीतरी भटके-विमुक्त समाज जमतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाटा या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तुडवल्या आहेत. तरीही जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘एकसष्टच्या आधी इथं होता, याला पुरावा काय?’ ऐकीव माहितीवर विसंबून अनेक जण तिथूनच माघारी फिरतात.

गैरसमज : 1961 ची अट सगळ्यांना आहे.
वस्तुस्थिती : 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी आहे. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, तर अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950 ही तारीख लागते. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणून त्यांनी 1950 धरूनच पुरावा शोधावा.

गैरसमज : आधार आणि रेशनकार्ड पुरेसं आहे.
वस्तुस्थिती : आधारवर आजचा पत्ता असतो. आजोबा त्या तारखेला कुठं राहत होते, हे त्यावरून कळत नाही.

गैरसमज : घर-जमीन नव्हती, म्हणजे पुरावाच नाही.
वस्तुस्थिती : सातबारा नसला तरी शाळेचं जनरल रजिस्टर असतं. पाल पडलं तेवढे दोन महिने एखादं पोर शाळेत बसलं, मग बिऱ्हाड हललं. पण नाव, जात, जन्मस्थळ आणि प्रवेशाची तारीख यांची ती एक ओळ जीर्ण पानावर राहिलेली असते. नोंद स्वतःचीच हवी असं नाही. वडील, आजोबा, चुलते, आत्या यांचीही चालते. शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागा. तहसिलात गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद पाहा. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याला सोबत न्या.

गैरसमज : दाखला राहत्या तालुक्यातूनच मिळतो.
वस्तुस्थिती : त्या तारखेला वाडवडील जिथं राहत होते, तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आजोबा बीड जिल्ह्यात असतील तर वाट तिकडची.

गैरसमज : प्रांतांनी नाही म्हटलं की संपलं.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार (2001 चा अधिनियम क्रमांक 23) अर्ज नाकारताना कारणं लेखी नोंदवावी लागतात. आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. मात्र जात सिद्ध करण्याची जबाबदारी याच कायद्यानं अर्जदारावर टाकली आहे, म्हणून अपिलात नुसतं गाऱ्हाणं मांडू नका. राहून गेलेला कागद जोडा. तो मिळतच नसेल तर गृहचौकशी करावी आणि गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब घ्यावेत, अशी लेखी मागणी करा.

‘होणार नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या, नकार लेखी मागा आणि आदेश कोणत्या तारखेला मिळाला ते त्याच कागदावर लिहून ठेवा. तुमचे 30 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.