मालक सतरा वर्षांचा, नायिकाही तोच

१ जानेवारी १९०८ला हुबळीत एक संगीत नाटक मंडळी उभी राहिली, ललितकलादर्श. तिचा मालक सतरा वर्षांचा होता आणि नायिकेची साडीही तोच नेसत होता! हे केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०चा. अगदी लहानपणी ते स्वदेशहितचिंतक मंडळीत शिरले, देवलांच्या नाटकातली शारदा म्हणून गाजले, आणि मिसरूड फुटतंय तोवर स्वतःची कंपनी काढून मोकळे झाले.

कंपनीचा मालक म्हणजे नुसता पैसा घालणारा शेठ नव्हे. नट, साजिंदे, आचारी असं सगळं बिऱ्हाड पोसायचं, पडदे आणि ट्रंका रेल्वेत चढवून पुढचं गाव गाठायचं, आणि रात्री तोंडाला रंग लावून या सगळ्यांचा पगार आपल्याच गळ्यातून काढायचा. त्याच काळात लंडनमध्ये हर्बर्ट ट्री नावाचा नट स्वतःचं थिएटर चालवायचा आणि मुख्य भूमिकाही करायचा. पण त्याचं थिएटर जागचं हलत नव्हतं.

आणि माइक? नावच नको. आज नाट्यगृहात बसून नटाचा नुसता उसासाही ऐकू येतो. तेव्हा ऑर्गन-तबल्याच्या वरून, पार मागच्या पिटातल्या माणसापर्यंत तान पोचवावी लागे. वर ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा. केशवरावांचा आवाज चढ्या पट्टीचा, धारदार. त्यावर रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. लोक त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हणत, ते उगाच नाही.

मला मात्र त्यांच्यातल्या गवयापेक्षा मालकाचं अप्रूप जास्त वाटतं. गाजलेल्या नाटकांवर गल्ला भरत राहणं सोपं होतं. त्यांनी १९१३मध्ये वीर वामनराव जोश्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ काढलं, १९१६मध्ये मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’. हे दुसरं तर थेट हुंड्यावर! लग्नसराईत हुंडा मोजून घेणारेच तिकीट काढून समोर बसलेले असणार. त्यांच्यापुढे हे नाटक उभं करायला छाती लागते.

मग ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग. बालगंधर्व आणि केशवराव म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, दोघेही स्त्रीभूमिकांनी नाव कमावलेले. त्या रात्री बालगंधर्व नायिका भामिनी झाले, केशवराव नायक धैर्यधर. वरच्या दराचं तिकीट शंभर रुपये, १९२१चे शंभर! तरी लोक तुटून पडले.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ला विषमज्वराने केशवराव गेले, वय अवघं एकतीस. मालकाबरोबर कंपनीही बुडू शकली असती. ललितकलादर्श बुडाली नाही. आधी बापूराव पेंढारकरांनी आणि मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती चालवली, आणि केशवरावांनंतर छत्तीस वर्षांनी, १९५७मध्ये, याच कंपनीने ‘दुरितांचे तिमिर जावो’ हे नाटक रंगमंचावर आणलं.