भोंगा वाजल्यानंतरची बास्केट

बास्केटबॉलमध्ये वेळ संपल्याचा भोंगा वाजला, सगळे खेळाडू जागेवर थांबले, बॉल अजून हवेतच आहे आणि तो रिंगमध्ये पडला, तर पॉइंट मिळतात का? आमच्या होस्टेलच्या ग्राउंडवर या एका प्रश्नावरून जेवढी भांडणं झाली तेवढी मेसच्या बिलावरूनही झाली नसतील. उत्तर सोपं आहे. मिळतात. अट एकच, भोंगा वाजायच्या आधी बॉल हातातून सुटलेला पाहिजे.

मी मूळचा श्रीपूरचा. ऊस, साखर कारखाना, आणि खेळ म्हणाल तर आमच्या तालुक्यात वेळापूरचा खो-खो आणि अकलूजची कुस्ती. बास्केटबॉलशी माझी गाठ पडली ती इथे होस्टेलला आल्यावर. (तसा गावाचा आणि व्यायामाचा एक धागा आहे म्हणा. ज्या चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि ज्यांचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला, त्यांच्या नावाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय पुण्यात गुलटेकडीला आहे.) कारखान्याच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालतं हे आम्हाला माहीत. पण भोंगा वाजल्यावरही काम चालू राहतं, हे बास्केटबॉलने शिकवलं.

आता थोडं गणित, आपण इंजिनिअर आहोत म्हणून. समजा रिंगपासून ९ मीटरवरून शॉट मारला. बॉल साधारण २.१ मीटर उंचीवर हातातून सुटला, रिंग ३.०५ मीटरवर आणि कोन ५० अंश. हवेचा विरोध सोडून द्या. फर्स्ट इयरचं प्रोजेक्टाइल मोशन लावलं की वेग येतो सेकंदाला सुमारे १० मीटर आणि बॉल हवेत राहतो सुमारे १.४ सेकंद. म्हणजे हा सव्वा-दीड सेकंद घड्याळाबाहेरचा, फुकटचा! मोठ्या कोर्टवर बोर्डाच्या कडेला लाल दिवे असतात ते यासाठीच. दिवा पेटला त्या क्षणी बॉल हातात होता की नव्हता, एवढंच पंचांनी बघायचं.

कोनाचंही तसंच. रिंगचा व्यास ४५ सेंमी, बॉलचा साधारण २४. बॉल सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ सेंमी जागा दिसते. ४५ अंशांत आला तर ४५ गुणिले साइन ४५, म्हणजे ३२ सेंमीच्या आत-बाहेर. आणि ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षा लहान! तेव्हा घाईघाईत सपाट फेकलेला बॉल रिंगला न घासता आत जाणं शक्यच नाही. शेवटच्या सेकंदाला सगळे नेमके तसाच फेकतात, ही गंमत.

कॉलेज बास्केटबॉलमधल्या अशा ऐन वेळच्या शॉट्सचं माहेर म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली दोन विद्यापीठं, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना. दोघांमधलं अंतर अकलूज ते वेळापूर इतपतच, आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं. ड्यूकचं घर म्हणजे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, जेमतेम नऊ हजार लोकांचं, जिथे पोरं कोर्टला अगदी चिकटून उभी असतात. त्या जागेसाठी ती बाहेर तंबू ठोकून दिवसेंदिवस मुक्काम करतात. (आपल्याकडे हॉल तिकिटाच्या रांगेत एक तास उभं राहायचं तर तोंडं वाकडी होतात.)

माझ्या मते सगळ्यांत भारी प्रसंग २ मार्च १९७४ चा. नॉर्थ कॅरोलिनाचं त्या वेळचं घरचं मैदान कारमायकेल ऑडिटोरियम. पाहुणा ड्यूक ८६-७८ ने पुढे आणि उरले १७ सेकंद. तेव्हा कॉलेज मॅचमध्ये तीन पॉइंटचा शॉट नव्हता, तो १९८६-८७ पासून आला. म्हणजे ८ पॉइंट भरून काढायला दोन-दोनचे चार हप्ते हवेत. शॉट क्लॉकही नव्हतं, त्यामुळे ड्यूकला फक्त बॉल सांभाळत वेळ काढायचा होता.

इथे नवख्यांना एक सांगायला हवं. बास्केटबॉलचं घड्याळ क्रिकेटच्या ओव्हरसारखं नाही आणि फुटबॉलसारखंही नाही. फाऊल झाला, बॉल बाहेर गेला, टाइमआउट घेतला की ते थांबतं. म्हणून १७ सेकंदांत बरंच काही मावतं. बॉबी जोन्सने दोन फ्री थ्रो घातले. ड्यूकने आत टाकलेला बॉल चोरला गेला आणि कुएस्टरने बास्केट केली. ड्यूकने पुन्हा बॉल गमावला, पुन्हा जोन्सची बास्केट. ८६-८४. मग ड्यूकच्या खेळाडूला मुद्दाम फाऊल केला. नियम असा की पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा मिळणार. पहिलाच चुकला. उरले तीन सेकंद. बॉल आला वॉल्टर डेव्हिसकडे, फर्स्ट इयरचा पोरगा! त्याने जवळजवळ ३० फुटांवरून मारला, बॉल बोर्डावर आपटून आत. ८६-८६. जादा वेळेत नॉर्थ कॅरोलिना ९६-९२ ने जिंकलं.

लोकांना डेव्हिस आठवतो. मला विचाराल तर मॅच फिरली ती बॉल चोरला तिथे. तो ३० फुटी शॉट मारायला मिळावा म्हणून आधी तीन हप्ते फेडले गेले होते.

दरवेळी शेवट गोड होतो असंही नाही. २ फेब्रुवारी १९९५ ला कॅमेरॉनमध्ये ड्यूकच्या जेफ केपलने पहिल्या जादा वेळेच्या भोंग्यावर अर्ध्या कोर्टाजवळून धावत फेकलेला बॉल आत गेला, ९५-९५. स्टेडियम वेडं झालं. आणि दुसऱ्या जादा वेळेत ड्यूक हरलं, १०२-१००. शॉट मात्र आजही दाखवतात.

घरच्या मैदानाचा तोटाही असतो. एकवीस हजारांवर लोक मावणारं डीन स्मिथ सेंटर हे नॉर्थ कॅरोलिनाचं नवं घर. ८ फेब्रुवारी २०१२ ला तिथे यजमान ८४-८२ ने पुढे असताना ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सने सात फुटी झेलरच्या हातावरून भोंग्याबरोबर तीन पॉइंट मारले, ८५-८४. क्षणात शांतता. आणि बरोबर आठ वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०२० ला, त्याच कोर्टवर ड्यूकच्या ट्रे जोन्सने तर फ्री थ्रो मुद्दाम चुकवला! दोन पॉइंटची पिछाडी, ४.४ सेकंद बाकी, हातात एकच फ्री थ्रो. तो घातला असता तरी एक पॉइंट कमीच. म्हणून त्याने बॉल जोरात, सपाट रिंगवर हाणला, उसळलेला बॉल स्वतःच पकडला आणि भोंग्यावर बास्केट करून ८४-८४ केले. जादा वेळेत पुन्हा भोंग्यावर वेंडेल मूरने चुकलेला बॉल आत ढकलला, ९८-९६. मुद्दाम चुकवताना बॉल रिंगला लागावाच लागतो, नाहीतर तो समोरच्या टीमला जातो. नीट चुकणं हेही कसबाचंच काम.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जुलै २०१७ मधलं बंगळूरचं श्री कंठीरवा स्टेडियम. महिला आशिया कपच्या ब गटाची फायनल, भारत विरुद्ध कझाकस्तान, आणि आपण जिंकलो ७५-७३ ने. एका बास्केटचा फरक. त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती.

आता आपल्या ग्राउंडकडे या. सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळचा वारा, बोर्डाला दिवा नाही, घड्याळ म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचं स्टॉपवॉच. त्यामुळे शेवटचा शॉट 'धरायचा की नाही' हे आवाज कोणाचा मोठा यावर ठरतं. एक नियम तरी पाळता येईल. ०.३ सेकंदापेक्षा कमी वेळ उरला असेल तर बॉल पकडून शॉट मारता येत नाही, फक्त हवेतल्या हवेत टॅप करता येतो. १५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घरच्या टीमच्या ट्रेंट टकरने ०.१ सेकंदात बॉल पकडून तीन पॉइंट मारले आणि ते धरलेही गेले, त्यानंतर हा नियम आला. मोबाइलवर अंगठा दाबायलाच याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा पुढच्या इंटर-होस्टेल मॅचला टाइमकीपरने आकडा मोठ्याने मोजावा, पाच, चार, तीन, दोन, एक, आणि शून्याला शिट्टी दुसऱ्याने वाजवावी. दुसऱ्याने अशासाठी, की मोजणाऱ्याचे डोळे घड्याळावर असतात आणि हातातला बॉल बघायला कोणीतरी मोकळं लागतं.