चिन, उन्सुक
(१४ जुलै १९६१– ). जर्मनीत स्थायिक झालेली दक्षिण कोरियन संगीतरचनाकार. जन्म सोल येथे. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. रीतसर शिक्षणाची ऐपत नसल्याने पियानोवादन ती बहुतांशी स्वतःच शिकली व चर्चमधील प्रार्थनागीतांना साथ करू लागली. पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठात तिने रचनाशास्त्राचा अभ्यास केला. तीन चेलोंसाठी रचलेल्या स्पेक्ट्रा या कृतीस १९८५ मध्ये नेदर्लंड्समधील गाउडेआमुस पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ती हँबर्ग येथे ग्यॉर्ग लिगेती (१९२३–२००६) या ख्यातनाम रचनाकाराकडे शिकावयास गेली.

लिगेतीने तिच्या तोवरच्या सर्व रचना, पारितोषिकप्राप्त कृतीसुद्धा, अनुकरणात्मक म्हणून त्याज्य ठरविल्या. युद्धोत्तर यूरोपीय नवसंगीताचे तंत्र तिने आत्मसात केले होते. परंतु त्यात तिचा स्वतःचा आवाज नव्हता, असा त्याचा आक्षेप होता. या आघातानंतर जवळजवळ तीन वर्षे तिच्या हातून रचना झाली नाही. १९८८ मध्ये ती बर्लिनला आली व तेथील तांत्रिक विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत काम करू लागली. नादाची अंतर्घटना सुटी करून ऐकण्याची जी सवय तिला तेथे लागली, तीच तिच्या पुढील वाद्यवृंदरचनेचा पाया होय. एका वाद्याचा नाद दुसऱ्यात नकळत विरघळणे, हे तिच्या संगीताचे सहज ओळखू येणारे लक्षण आहे.

आक्रोस्टिकॉन-वोर्टश्पील (१९९१, सुधारित १९९३) या गायिका व लहान वाद्यमेळासाठी रचलेल्या कृतीने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तीत परीकथांतील शब्दांची अक्षरे उलटसुलट करून अर्थाऐवजी उच्चाराचे नाट्य साधले आहे. व्हायोलिन कन्चेर्तो (२००१) व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांच्या स्वरांतून उमलत जातो. त्याला २००४ चे ग्रॉमायर पारितोषिक लाभले. अ‍ॅलिस इन वंडरलँड (म्यूनिक, २००७) ही तिची पहिली ऑपेरा. तीतील सुरवंट गात नाही. त्याचे बोलणे बास क्लॅरिनेट वाजविते व शब्द केवळ पडद्यावर उमटतात. लिगेतीलाही याच कथेवर ऑपेरा रचावयाची होती. ती राहून गेली.

आपल्या संगीतास ‘कोरियन’ हे लेबल लावणे चिनला मान्य नाही, आणि रचना पाहता तिचे म्हणणे रास्त वाटते. शु (२००९) या कन्चेर्तोतील प्रमुख वाद्य शंग हे बांबूच्या अनेक नळ्यांचे, तोंडाने फुंकावयाचे वाद्य मूळ चीनचे. गूगालोन (२००९, विस्तारित २०११) मध्ये सोलच्या रस्त्यावर खेळ करून औषधे विकणाऱ्या फिरत्या मंडळींच्या बालपणीच्या आठवणी आहेत. परंतु तीत एकही कोरियन लोकधून उसनी घेतलेली नाही. मायदेशाशी तिचा संबंध मात्र तुटला नाही. २००६ पासून सुमारे एक तप सोल फिल्हार्मनिक वाद्यवृंदाशी संलग्न राहून तिने ‘आर्स नोव्हा’ ही आधुनिक संगीताची मैफलमाला चालविली व अनेक विसाव्या शतकातील कृती कोरियन श्रोत्यांपुढे प्रथमच आणल्या. २०२२ मध्ये तोंगयंग आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवाचे कलासंचालकपद तिच्याकडे आले.

२०२४ मध्ये तिला एर्न्स्ट फोन सीमेन्स संगीत पारितोषिक देण्यात आले. भौतिकीविज्ञ व्होल्फगांग पाउली व मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या संबंधांवरून सुचलेली तिची दुसरी ऑपेरा डी डुंकल झाइट डेस मोंडेस (चंद्राची अंधारी बाजू) मे २०२५ मध्ये हँबर्ग येथे रंगमंचावर आली.