किल्ली फिरवण्याआधी दोन मिनिटं

लायसन्स हातात आलं की कधी एकदा गाडी काढते असं होतं. पण मैत्रिणींनो, किल्ली फिरवण्याआधी दोनच मिनिटं थांबा. आमच्या ओवे गावातून बाहेर पडलं की एकीकडे खारघर, दुसरीकडे तळोजा एमआयडीसी. म्हणजे स्कुटी चालवायची ती ट्रक-कंटेनरच्या शेजारूनच. तिथे पोचल्यावर ब्रेक तपासून काय उपयोग?

मी निघण्याआधी टायर दाबून बघते, दोन्ही ब्रेक ओढून बघते. इंडिकेटर आणि मागचा लाल दिवा लावून बघते. सीटवर बसल्यावर आरसे जुळवते, केस नीट करायला नव्हे हं! मग ओढणी कमरेला घट्ट बांधते. मागे बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते; १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तशी तरतूद आहे. शोभत नाही म्हणून ती काढू नका.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच, आणि पट्टा लावलेलं. नाहीतर पडताना ते आधी उडून जातं.

शिकाऊ लायसन्स असेल तर गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवा. मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवता येत नाही. शेजारणीला ‘चल, सोडते’ म्हणायचा मोह आवरा.

रस्त्यावर ट्रकच्या डाव्या अंगाला रेंगाळू नका. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

घरचे म्हणतील, ‘किती वेळ लावतेस!’ म्हणू देत. भाजी दोन मिनिटं उशिरा आली म्हणून कुणी उपाशी राहत नाही.