वाइन : वेलीपासून पिंपापर्यंत
कोल्हापूरलगतच्या सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी, तर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. वाइनची प्रत येथूनच ठरू लागते. राज्याच्या २००१ च्या धोरणानुसार वाइन पार्कसाठी पलूस आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर या ठिकाणांची निवड झाली.

वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून लहान, जाड सालीची व बियांची असतात. रसातील साखर ‘ब्रिक्स’ या मापाने मोजतात. साधारणतः २२ ते २४ अंशांवर तोडणी होते. यीस्ट या साखरेचे मद्यार्क व कर्बवायूत रूपांतर करते. यालाच किण्वन म्हणतात. रेड वाइनचा रस सालींसह आंबवतात, त्यामुळे रंग आणि ‘टॅनिन’ हा तुरट घटक रसात उतरतो. व्हाइट वाइनसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. पुढे ओकच्या पिंपात लाकडातून अल्प प्राणवायू मिळत राहतो आणि तुरटपणा मवाळतो.

मात्र या द्राक्षांना फळबाजारात गिऱ्हाईक नसते. २००८ नंतरच्या मंदीत वायनरींची खरेदी घटली, तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. त्यामुळे लागवडीपूर्वी खरेदीचा लेखी करार करणे हीच या व्यवसायाची पहिली पायरी ठरते.