प्रवास-नियोजक सोयीची वाट का चुकतात?

जबलपूर शहरात घमापूरकडून रांझीकडे जाताना कांचघर ही वस्ती लागते. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना, त्यानंतर उभे राहिलेले संरक्षण उत्पादनाचे अन्य कारखाने आणि रेल्वे यांमुळे शहराच्या या बाजूला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. लग्नकार्य, मुलांचे शिक्षण किंवा मोठ्या रुग्णालयातील उपचार यांसाठी त्यांचे नागपूरला जाणे-येणे असते. अशा एखाद्या घरातील व्यक्तीने मोबाईलवरील प्रवास-नियोजकाला ‘कांचघर ते नागपूर’ असा प्रश्न विचारला, तर मिळणारे उत्तर आणि शेजारच्या अनुभवी माणसाने दिलेला सल्ला यांत पुष्कळदा अंतर पडते. यंत्र क्षणार्धात हजारो पर्याय तपासते, तरीही सर्वांत सोयीची वाट त्याच्या हातून निसटते. असे का घडते, याचा विचार केवळ संगणकतज्ज्ञांसाठी महत्त्वाचा नाही. रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने चुकलेली वाट म्हणजे वाया गेलेला दिवस असतो.

एक प्रवास, तीन वाटा

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले व मुंबई–कोलकाता रेल्वेप्रवास शक्य झाला. हा मार्ग दोन महानगरांना जोडण्यासाठी आखलेला होता. जबलपूरहून नागपूरला जाणाऱ्याची सोय हा त्याचा हेतू नव्हता. त्यामुळे रेल्वेने नागपूरला जायचे तर आधी पश्चिमेस इटारसी गाठावी आणि तेथून दक्षिणेस वळावे, असा सुमारे ५४० किलोमीटरचा वळसा पडतो. दुसरी वाट नैनपूर, बालाघाट व गोंदिया येथून जाते. तेथील नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि ब्रॉडगेजचे काम पूर्ण झाल्यावर २०२१ पासून या मार्गाने लांब पल्ल्याच्या गाड्या धावू लागल्या. या वाटेने नागपूर सुमारे ३६० किलोमीटर आहे. तिसरी वाट रस्त्याची. तिलवाराघाटाजवळ नर्मदा ओलांडून सिवनीमार्गे जाणारा हा रस्ता सुमारे २७० किलोमीटरचा आहे.

अंतराचा विचार करता तिसरी वाट उघडच सरस आहे. परंतु ज्या नियोजकाच्या भांडारात केवळ रेल्वेगाड्यांची माहिती आहे, त्याच्या लेखी ही वाट अस्तित्वातच नसते. ज्याला फक्त थेट गाड्या शोधायला शिकवले आहे, तो गोंदियाला गाडी बदलण्याचा पर्याय दाखवणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली रीवा–पुणे साप्ताहिक गाडी जबलपूर, गोंदिया व नागपूर या मार्गाने जाते. पण ती साप्ताहिक असल्याने प्रश्न कोणत्या तारखेसाठी विचारला यावर तिचे दिसणे वा न दिसणे अवलंबून राहते. म्हणजेच नियोजकाचे गणित चुकलेले नसते. त्याला जेवढे सांगितले तेवढ्यातूनच तो उत्तर काढतो आणि जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर देतो.

जे कोष्टकात नाही ते दिसत नाही

प्रवास-नियोजकाचा पाया म्हणजे वेळापत्रकाची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी. २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आपली माहिती गुगलला उपलब्ध करून दिली आणि त्या प्रयोगातून अशा मांडणीचा एक सर्वमान्य नमुना पुढे आला. त्यात थांब्यांची नावे व नकाशावरील स्थाने, मार्ग, प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरील वेळ आणि ती फेरी कोणत्या दिवशी धावते याचे पत्रक, अशी निरनिराळी कोष्टके असतात. ज्या संस्थेने ही कोष्टके भरली तिच्या गाड्या दिसतात. जिने भरली नाहीत तिच्या दिसत नाहीत.

आपल्याकडील वाहतुकीचा मोठा भाग या कोष्टकांबाहेर आहे. मध्य प्रदेशात राज्य मार्ग परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि शहराशहरांतील प्रवास मुख्यतः खासगी बसमालकांवर सोपविला गेला. राज्याच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या नावाने सार्वजनिक बससेवा पुन्हा उभारण्यास मान्यता दिली. मधल्या काळात कोणती खासगी बस किती वाजता सुटते, हे प्रवाशांना बसस्थानकावर विचारूनच कळत असे. शहरांतर्गत प्रवासात ठरावीक रस्त्यावर धावणाऱ्या सामायिक ऑटो व ई-रिक्षा यांची स्थिती तीच आहे. महाराष्ट्रातील वडाप, काळी-पिवळी जीप किंवा एस.टी.चा विनंती थांबा आठवला, तर ही उणीव एका राज्यापुरती नाही हे ध्यानात येईल.

माहिती असली तरी ती ताजी असावी लागते. जबलपूरमध्ये दमोह नाका ते मदनमहाल हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. असा पूल झाल्यावर त्या भागातील प्रवासाला लागणारा वेळ बदलतो. वेळापत्रकातील जुने आकडे तसेच राहिले, तर नियोजक अत्यंत अचूकपणे चुकीचे उत्तर देत राहतो.

नाव वेगळे, स्थानक शेजारी

दुसरी अडचण गाडी बदलण्याच्या जागेची. माणसाला डोळ्यांनी दिसते की समोरच दुसरे स्थानक आहे. यंत्राला ते सांगावे लागते. मुंबईतील उदाहरण बोलके आहे. वर्सोवा–घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. पुढे मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिका जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण लांबीने धावू लागल्या. २अ मार्गिकेचे अंधेरी पश्चिम हे स्थानक पहिल्या मार्गिकेच्या डी.एन. नगरला जोडलेले आहे, तर ७ क्रमांकाच्या मार्गिकेचे गुंदवली हे स्थानक पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला जोडलेले आहे. दोन्ही ठिकाणी जोडस्थानकांची नावे वेगळी आणि ती बांधणाऱ्या व चालविणाऱ्या संस्थाही वेगळ्या. पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी आणि मध्य रेल्वेचे परळ यांचेही तसेच आहे. पादचारी पूल ओलांडून हजारो लोक रोज एका मार्गावरून दुसऱ्यावर जातात, परंतु दोन नावांमधील हा दुवा माहितीत नोंदवलेला नसेल, तर नियोजक प्रवाशाला विनाकारण दादरपर्यंत फिरवील.

जबलपूरलाही मुख्य स्थानक व मदनमहाल अशी दोन स्थानके आहेत. केवळ एकाचे नाव घालून शोध घेतल्यास दुसऱ्यावरून सुटणारी गाडी नजरेआड होऊ शकते. कांचघरमधील प्रवाशाला मुख्य स्थानक जवळ पडते, तर आंतरराज्य बसस्थानक दमोह नाक्याच्या बाजूला आहे. घरापासून पहिल्या वाहनापर्यंत आणि शेवटच्या वाहनापासून मुक्कामापर्यंत पोहोचण्याचा हा भाग नियोजकाच्या हिशेबात बहुधा केवळ पायी अंतर म्हणून येतो. शिवाय चालण्याची एक मर्यादा आधीच ठरवून दिलेली असते. ती आठशे मीटर असेल, तर नऊशे मीटरवरून मिळणारी थेट बस त्याच्या विचारातच येत नाही.

लवकर म्हणजे सोयीचे नव्हे

तिसरे कारण शोधाच्या पद्धतीत आहे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, दोन बिंदूंमधील सर्वांत कमी खर्चाची वाट काढण्याची रीत आजही या विषयाचा पाया आहे. परंतु ही रीत एकच माप वापरते. ते माप वेळेचे ठेवले, तर उत्तर वेळेचेच मिळते. समजा, एका मार्गाने दोनदा गाडी बदलून १० वाजून २० मिनिटांनी पोहोचता येते आणि दुसऱ्या मार्गाने एकाच बसने १० वाजून ३० मिनिटांनी. केवळ लवकर पोहोचणे हा निकष असेल, तर दुसरा मार्ग बाद होतो. हातात सामान व सोबत वृद्ध आई असलेला माणूस मात्र ती दहा मिनिटे आनंदाने देईल.

हा दोष ओळखून अलीकडील पद्धती एकाहून अधिक निकष एकत्र पाहतात. २०१२ मध्ये मांडण्यात आलेली ‘रॅप्टर’ ही पद्धत फेरीफेरीने पुढे जाते: प्रथम एकाच वाहनाने कोठे पोहोचता येते, मग एकदा बदलून, नंतर दोनदा बदलून. त्यामुळे ‘थोडा उशीर पण थेट’ आणि ‘लवकर पण बदल अधिक’ हे दोन्ही पर्याय टिकून राहतात. तरीही भाडे, गर्दी, जिने, रात्रीची सुरक्षितता असा प्रत्येक निकष वाढवला की टिकणाऱ्या पर्यायांची संख्या वाढते व प्रवासी गोंधळतो. म्हणून शेवटी काही पर्याय वगळावेच लागतात, आणि ते वगळताना कोणाची सोय गृहीत धरली हा खरा प्रश्न असतो.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. एकाच रस्त्यावरून चार क्रमांकांच्या बस धावत असतील आणि प्रत्येक क्रमांकाची बस वीस मिनिटांनी येत असेल, तर त्या समान अंतराने आल्यास थांब्यावर दर पाच मिनिटांनी एक बस मिळते. नेहमीचा प्रवासी क्रमांक न पाहता येईल त्या बसमध्ये चढतो. त्याला सरासरी अडीच मिनिटे थांबावे लागते. नियोजकाने एकच क्रमांक नेमून दिला, तर तीच सरासरी दहा मिनिटांवर जाते.

कागदावरची जोड आणि प्रत्यक्ष प्रवास

वेळापत्रकानुसार इटारसीला दहा मिनिटांत दुसरी गाडी मिळते असे दिसले, तरी पहिली गाडी पंधरा मिनिटे उशिरा आली की जोड तुटते. ही जोड दुपारची असणे आणि मध्यरात्रीची असणे यांतील फरक एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीला सांगावा लागत नाही. रेल्वेच्या बाबतीत आरक्षणाचाही प्रश्न आहे. सर्वांत वेगवान गाडीची प्रतीक्षायादी लांबलचक असेल, तर तिच्या वेगाचा उपयोग काय? जबलपूरहूनच सुटणाऱ्या गाडीत येथील प्रवाशांना आसन मिळण्याची शक्यता लांबून येणाऱ्या गाडीपेक्षा सहसा अधिक असते, हे जाणकार प्रवासी हिशेबात धरतो. केवळ वेळ पाहणारे यंत्र ते धरत नाही.

उपाय कोणाच्या हाती?

या उणिवांचे उत्तर केवळ अधिक शक्तिशाली संगणक हे नव्हे. पहिली गरज खुल्या व विश्वसनीय माहितीची आहे. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये इंद्रप्रस्थ इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या संस्थेच्या साहाय्याने सार्वजनिक वाहतुकीची माहिती खुली करून एक पाऊल पुढे टाकले. मुंबई महानगर परिसरात ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ या उपयोजनाद्वारे अकरा वाहतूक संस्था एका जागी आणण्यात आल्या. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने निरनिराळ्या वाहतूक साधनांच्या एकात्मतेवर भर दिलाच होता. ही एकात्मता स्थानकाच्या इमारतीत जितकी आवश्यक, तितकीच माहितीच्या कोष्टकातही आवश्यक आहे. मध्यम आकाराच्या शहरांनी थांब्यांची प्रत्यक्ष पाहणी करणे, जोडस्थानकांमधील चालण्याचा वेळ मोजून नोंदवणे, परवाना देतानाच खासगी बसमालकांकडून वेळापत्रक ठरावीक नमुन्यात घेणे आणि बदल झाल्यास ते तातडीने दुरुस्त करणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. त्यांसाठी जबाबदार कक्ष मात्र नेमावा लागेल.

हे न केल्यास होणारे नुकसान प्रवाशापुरते थांबत नाही. जी बस शोधात दिसत नाही तिच्यात नवे प्रवासी चढत नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या घटतात, आणि शेवटी गरज नाही असे समजून मार्गच बंद होतो. माहितीतील रिकामी जागा अशा रीतीने रस्त्यावर उतरते.

प्रवाशानेही यंत्राला विचारण्याची रीत शिकून घ्यावी. निघण्याची वेळ अर्ध्या तासाने मागे-पुढे करून पाहावी, तारीख बदलावी, जवळच्या दुसऱ्या स्थानकाचे नाव घालावे, कमी बदल किंवा कमी चालणे हा पर्याय निवडावा, आणि लांबच्या प्रवासाचे गोंदिया किंवा इटारसीसारख्या ठिकाणी दोन तुकडे करून स्वतंत्र शोध घ्यावा. त्यानंतर त्या वाटेने नेहमी जाणाऱ्या एखाद्या माणसाला जरूर विचारावे. कांचघरच्या चौकात उभा असलेला रिक्षाचालक जे सहज सांगतो, ते कोष्टकात उतरवणे हेच वाहतूक व्यवस्थेपुढील खरे काम आहे. ते होईपर्यंत यंत्राचे उत्तर हा अंतिम निर्णय न मानता एक चांगला सल्ला मानणे, यातच प्रवाशाचे हित आहे.